दुधाचे दांत आणि अणुशक्तीचा हिशेब

लहान मुलाचा पहिला दुधाचा दांत पडला म्हणजे आपल्याकडे घरांत एक छोटासा समारंभच होतो. तो दांत उंदराच्या बिळांत टाकावा किंवा कौलांवर भिरकावून द्यावा, आणि उंदराजवळ त्याच्यासारखा तीक्ष्ण दांत मागून घ्यावा, अशी चाल घरोघर होती. कौलें गेलीं, बिळेंहि बुजलीं, तरी आजीबाईंच्या आग्रहाखातर ती कोठें कोठें अद्यापि पाळली जाते. अमेरिकेंतील मूल तोच दांत रात्रीं उशाखालीं ठेवतें, आणि परी येऊन तो नेईल व त्या जागीं एक नाणें ठेवील, अशी वाट पाहात झोपी जातें. उंदीर काय किंवा परी काय, दोहोंचा अर्थ एकच: पडलेला दांत ही निरुपयोगी वस्तु, तिची बोळवण मात्र गोडीनें करावयाची. परंतु सन १९५८ च्या अखेरीस मिसूरी संस्थानांतील सेंट लुई या शहरीं कांहीं प्राध्यापक, वैद्य, दंतवैद्य व गृहिणी यांनीं मुलांना एक निराळीच विनंति केली. हा दांत परीला देऊं नका, आम्हांला द्या, असें त्यांनीं सांगितलें. आणि पुढील बारा वर्षांत त्यांच्याकडे सुमारें तीन लाख दांत जमले. या दांतांनीं जी साक्ष दिली तिची हकीकत सांगण्याचें आज योजिलें आहे. तिच्यांत एका मोठ्या प्रश्नाचें बीज आहे. अणुशक्तीपासून लोकांचें रक्षण करावयाचें तर धोक्याचें मोजमाप कोणीं ठेवावें, केवळ सरकारनें कीं लोकांनींहि, हा तो प्रश्न होय.

इतर बहुतेक संकटें मनुष्याला आपल्या इंद्रियांनीं कळतात. आगीचा धूर दिसतो, पुराचा लोंढा ऐकूं येतो, नासलेल्या अन्नाची दुर्गंधि येते. किरणोत्सर्गाला रंग नाहीं, गंध नाहीं, रुचि नाहीं. ज्याच्यापाशीं उपकरण नाहीं त्याला तो अंगावरून गेला तरी कळावयाचा नाहीं. अर्थात् या विषयांत लोकांना जें काय कळावयाचें तें उपकरणवाल्याच्या मुखानें. आणि प्रारंभींचीं कित्येक वर्षें उपकरणवाला म्हणजे सरकार. अमेरिकेचा अणुशक्ति आयोग सन १९४६ च्या कायद्यानें निर्माण झाला. बाँब तयार करावयाचे, त्यांच्या चाचण्या घ्यावयाच्या, पुढें अणुविजेचा प्रसार करावयाचा, तो याच आयोगानें. आणि या सर्वांपासून लोकांना अपाय होत नाहीं ना हें पाहावयाचें, तेंहि याच आयोगानें.

मी कित्येक वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकवीत आलों आहें. या आयोगाची घटना वाचतांना मला वारंवार दख्खनच्या दंग्यांची आठवण होते. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुळांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली, त्यांचे कर्जरोखे हिसकावले आणि जाळले. ती आग पाहतां पाहतां पुणें व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरली. त्या क्षोभाचीं कारणें अनेक होतीं. तथापि रोखा लिहिणारा, व्याज मोजणारा आणि वसुली करणारा हा एकच गृहस्थ, आणि कुळानें न वाचतां खालीं अंगठा उठवावयाचा, ही रीति त्यांतील एक मोठें कारण होती. ज्याला हिशेब वाचतां येत नाहीं त्याच्यापुढें दोनच मार्ग राहतात: निमूटपणें विश्वास ठेवणें किंवा एके दिवशीं वही पेटविणें. सेंट लुईच्या लोकांनीं तिसरा मार्ग शोधून काढला. त्यांनीं आपली स्वतःची दुसरी वही घातली.

ही वही घालण्याची वेळ कां आली हें प्रथम पाहिलें पाहिजे. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें पॅसिफिक महासागरांतील बिकिनी बेटावर एका हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याची शक्ति दीड कोटि टन स्फोटक द्रव्याइतकी, म्हणजे हिरोशिमावरील बाँबच्या सुमारें हजारपट ठरली. तज्ज्ञांनीं जो अंदाज बांधला होता त्याच्या अडीचपट ती होती. त्या दिवशीं दूर समुद्रांत मासेमारी करीत असलेल्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी नौकेवर पांढऱ्या राखेचा पाऊस पडला. नौकेवरील २३ ही खलाशी आजारी पडले, आणि त्यांचा तारायंत्रचालक कुबोयामा हा त्याच वर्षीं २३ सप्टेंबर रोजीं मरण पावला. जपानच्या बाजारांत येणारे मासे यंत्रानें तपासून टाकून देण्याची पाळी आली. तोक्योच्या सुगिनामी भागांतील गृहिणींनीं हायड्रोजन बाँबविरुद्ध सह्या गोळा करण्यास आरंभ केला. पुढें देशभर पसरलेल्या त्या चळवळीनें तीन कोटींहून अधिक सह्या जमविल्या. स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोंचलेलें संकट राजधानींतल्या कागदपत्रांत मावत नाहीं, हें त्या स्त्रियांनीं जगाला दाखविलें.

स्फोटानंतर आकाशांत उडालेल्या द्रव्यांत स्ट्राँशियम-९० नांवाचें एक द्रव्य असतें. त्याची प्रकृति रसायनदृष्ट्या चुन्यांतील कॅल्शियमसारखी असल्यामुळें शरीर त्याला आपलेंच समजून जवळ करतें. पावसाबरोबर तें कुरणांत उतरतें, गवतांतून गाईच्या पोटांत, तेथून दुधांत आणि दुधांतून मुलाच्या हाडांत जातें. त्याची तीव्रता निम्म्यावर येण्यास सुमारें २९ वर्षें लागतात. दुधासारख्या अन्नानें, ज्याला आपण अमृताची उपमा देतों, हा प्रवास घडावा, ही गोष्ट मातांच्या काळजाला झोंबणारीच होती. आयोगाचें म्हणणें असें कीं, प्रमाण अत्यल्प आहे, भिण्याचें कारण नाहीं. पण अत्यल्प म्हणजे किती? आणि मुलाच्या हाडांतलें तें प्रमाण मोजावयाचें कसें? जिवंत मुलाचें हाड कापून पाहतां येत नाहीं.

येथें दुधाचा दांत उपयोगी पडला. हा दांत मूल आईच्या पोटांत असतांना व जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं महिन्यांत घडतो. हाडांतील द्रव्य आयुष्यभर झिजतें व नव्यानें भरतें; दांतांत एकदां जें बसलें तें बहुतांशीं तेथेंच राहतें. म्हणून सहासात वर्षांनीं पडलेला दांत हा मुलाच्या जन्मवर्षाचा जणुं शिलालेखच होय. आणि तो मिळविण्यासाठीं कोणाला इजा करावी लागत नाहीं. तो आपण होऊन हातांत येतो. हर्मन काल्कार या जीवरसायनशास्त्रज्ञानें ऑगस्ट १९५८ च्या ‘नेचर’ नियतकालिकांत अशा दांतांची आंतरराष्ट्रीय मोजदाद करावी असें सुचविलें होतें. त्याच वर्षीं सेंट लुईमध्यें वॉशिंग्टन विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर व इतर मंडळींनीं अणुविषयक माहिती लोकांना पुरविणारी एक नागरिक समिति स्थापन केली होती. तिनें ही कल्पना उचलली, आणि डॉ. लुईझ राइस या विदुषीनें प्रारंभींचीं वर्षें ती पाहणी चालविली.

कामाची पद्धति पाहण्यासारखी आहे. प्रत्येक दांताबरोबर एक पत्रक भरून द्यावयाचें. मुलाची जन्मतारीख काय, गरोदरपणीं आई कोठें राहात होती, मूल आईच्या दुधावर वाढलें कीं बाटलीच्या, अशी माहिती त्यावर असे. शाळांतून, वाचनालयांतून, दंतवैद्यांच्या दवाखान्यांतून हीं पत्रकें वांटलीं गेलीं. आलेले दांत निवडणें, वर्षवार लावणें, नोंदी करणें हें कंटाळवाणें काम शेंकडों स्वयंसेवकांनीं, विशेषतः गृहिणींनीं, विनामूल्य केलें. एका दांतांतील द्रव्य इतकें थोडें असे कीं, एकाच वर्षीं जन्मलेल्या मुलांचे दांत एकत्र करून ते प्रयोगशाळेंत तपासावे लागत. शहरांतील दोन विद्यापीठांच्या दंतवैद्यक शाखांचें यास साहाय्य होतें. आणि दांत देणाऱ्या मुलाला काय मिळे? छातीवर लावण्याचें एक बिल्ला: मीं माझा दांत विज्ञानाला दिला, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असे. परीच्या नाण्यापेक्षां हा बिल्ला मुलांना अधिक प्रिय झाला असला पाहिजे. एरवीं तीन लाख दांत जमते ना!

पहिले निष्कर्ष २४ नोव्हेंबर १९६१ च्या ‘सायन्स’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झाले. १९५० नंतर जन्मलेल्या मुलांच्या दांतांतील स्ट्राँशियम-९० चें प्रमाण वर्षागणिक चढत गेलें होतें. चाचण्यांचा आलेख आणि दांतांचा आलेख बरोबरच चढत होते. पुढील तपासणींत, चाचण्या ऐन भरांत असतांना जन्मलेल्या मुलांच्या दांतांत तें प्रमाण आधींच्या मुलांच्या कित्येक पट आढळलें, आणि चाचण्या बंद झाल्यावर तें उतरूं लागलें. ५ ऑगस्ट १९६३ रोजीं अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनीं मॉस्को येथें हवेंतील, पाण्याखालील व अंतराळांतील अणुचाचण्या बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या. हा करार दांतांनींच घडविला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. आदल्या वर्षीं क्यूबाच्या प्रकरणानें दोन्ही महासत्तांना विनाशाच्या कड्यावर नेऊन उभें केलें होतें. लायनस पॉलिंगप्रभृति हजारों शास्त्रज्ञांनीं चाचण्यांविरुद्ध विनंतिपत्र दिलें होतें. परंतु राजकारणाच्या या तराजूंत लोकांच्या बाजूनें जो वजनदार पुरावा पडला त्यांत सेंट लुईच्या मुलांचे दांत होते, यांत शंका नाहीं.

या यशाचें मर्म मला एका गोष्टींत दिसतें. त्या समितीनें आपलें काम माहिती गोळा करून लोकांपुढें मांडणें हें ठरविलें होतें. चाचण्या कराव्या कीं न कराव्या हा निर्णय माहिती मिळालेल्या नागरिकांनीं करावयाचा, अशी तिची भूमिका होती. म्हणूनच तिच्या आंकड्यांना प्रचाराचा वास आला नाहीं. दुसरी वही घालणारानें पहिल्या वहीहून अधिक काटेकोर राहिलें पाहिजे, हा धडा तिनें घालून दिला. अणुशक्ति आयोगाची दुहेरी भूमिका मात्र आणखी कांहीं वर्षें चालली. अखेर १९७४ च्या कायद्यानें तो आयोग मोडण्यांत आला, आणि १९७५ च्या आरंभापासून नियमनाचें काम एका स्वतंत्र मंडळाकडे गेलें.

परंतु मंडळ स्वतंत्र झालें म्हणून विश्वास आपोआप उत्पन्न होत नाहीं. २८ मार्च १९७९ रोजीं पेन्सिल्व्हेनियांतील थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टींत अपघात होऊन तिचा गाभा अंशतः वितळला. पहिल्या दिवसांत अधिकाऱ्यांची वक्तव्यें परस्परांशीं जुळेनात. तिसऱ्या दिवशीं राज्यपालांनीं पांच मैलांच्या आंतील गरोदर स्त्रियांना व शाळेंत न जाणाऱ्या मुलांना दूर जाण्याचा सल्ला दिला. पुढें राष्ट्राध्यक्षांनीं नेमलेल्या चौकशी समितीनें या अपघाताचा आरोग्यावरील मुख्य परिणाम मानसिक क्लेश हाच झाला असा निष्कर्ष काढला. वर्षभरानें इमारतींत कोंडलेला क्रिप्टॉन वायु हवेंत सोडावयाचा प्रश्न आला, तेव्हां जाहीर सभांतून लोकांचा संताप उसळला. तुमच्या यंत्रावर आमचा विश्वास नाहीं, हें त्यांचें म्हणणें. मग सरकारी खात्यांनीं पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील विद्यापीठाच्या साहाय्यानें एक शहाणपणाची गोष्ट केली. आसपासच्या बारा गांवांतून सुमारें पन्नास नागरिक निवडून त्यांना किरणोत्सर्ग मोजण्याचें रीतसर शिक्षण दिलें, यंत्रें दिलीं, आणि रोजच्या नोंदी त्यांच्याच हातीं ठेवल्या. जून-जुलै १९८० मध्यें वायु सोडला गेला तेव्हां गांवचा मनुष्य गांवचें यंत्र वाचीत होता. यंत्र तेंच, आंकडे त्याच रीतीचे. परंतु शेजाऱ्यानें सांगितलेला आंकडा आणि कचेरींतून आलेला आंकडा यांत विश्वासाचें अंतर फार असतें.

हें अंतर कमी न केल्यास काय होतें याचे दाखले पुढेंहि घडले. २६ एप्रिल १९८६ रोजीं चेर्नोबिल येथें भट्टी फुटली. परंतु जगाला त्याची पहिली चाहूल लागली ती २८ एप्रिलला, स्वीडनमधील फोर्समार्क येथील अणुवीजकेंद्राच्या यंत्रांवरून. त्या दिवशीं सायंकाळीं मॉस्कोनें चार ओळींची वार्ता दिली. फ्रान्समध्यें अधिकाऱ्यांच्या दिलाशावर विश्वास न बसल्यामुळें त्याच वर्षीं मिशेल रिवासी या शिक्षिकेनें व इतरांनीं स्वतंत्र किरणोत्सर्ग-प्रयोगशाळा काढली. ती लोकांच्या वर्गणीवर उभी राहिली, आणि भाजी, दूध, माती तपासून निष्कर्ष छापूं लागली.

तथापि या इतिहासांतील सर्वांत करुण व सर्वांत बोधप्रद प्रकरण जपानमधील फुकुशिमाचें होय. ११ मार्च २०११ रोजीं भूकंप व सुनामी यांमुळें तेथील भट्ट्यांचें शीतकरण बंद पडलें. सरकारनें नकाशावर वर्तुळें काढून त्यांतील लोकांना बाहेर काढलें. परंतु वारा वर्तुळें जाणत नाहीं. नामिए गांवचे कित्येक रहिवासी वायव्येकडील त्सुशिमा येथें जाऊन राहिले, आणि किरणोत्सर्गाचा लोट नेमका त्याच दिशेनें गेला. वाऱ्याच्या दिशेचा अंदाज करणारी एक गणनयंत्रणा सरकारपाशीं होती. तिचीं अनुमानें लोकांना वेळेवर सांगितलीं गेलीं नाहींत. जें कागदावर होतें तें पळणाऱ्यांच्या हातीं नव्हतें. ३० किलोमीटरच्या वर्तुळाबाहेरील इताते हें गांवहि दूषित झालें होतें. तें रिकामें करण्याचा निर्णय एप्रिलच्या उत्तरार्धांत झाला.

या अंधारांत सेफकास्ट नांवाची स्वयंसेवकांची एक मंडळी पुढें आली. त्या आठवड्यांत गायगर काउंटर बाजारांत मिळेनासे झाले होते. म्हणून त्यांनीं स्वतःच यंत्र जुळविलें. मोटारीच्या खिडकीबाहेर तें टांगावयाचें, दर पांच सेकंदांनीं त्यानें किरणोत्सर्ग व स्थळ यांची नोंद करावयाची, आणि ती नोंद कोणालाहि विनामूल्य पाहतां यावी अशी खुली ठेवावयाची. अशा नोंदी पुढें दहा कोटींहून अधिक झाल्या. एकाच गांवांत एक रस्ता स्वच्छ व दुसरा दूषित असूं शकतो, ही गोष्ट सरासरीच्या सरकारी आंकड्यांत लपत होती. रस्तोरस्तीं फिरणाऱ्या यंत्रानें ती उघड केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इवाकी शहरीं कांहीं मातांनीं ‘ताराचिने’ नांवाची प्रयोगशाळा उघडली. मुलांच्या ताटांतील अन्न तेथें तपासलें जाऊं लागलें, आणि पुढें स्ट्राँशियमचेंहि मोजमाप होऊं लागलें. सेंट लुईच्या मातांनीं जें बीज पेरलें तें अर्ध्या शतकानंतर पॅसिफिकच्या पलीकडे उगवलें असें म्हणावयास हरकत नाहीं. जपानी संसदेनें नेमलेल्या चौकशी समितीनें २०१२ सालीं हा अपघात मनुष्यनिर्मित ठरविला, आणि नियमन करणारे ज्यांचें नियमन करावयाचें त्यांच्याच आहारीं गेले होते, असें स्पष्ट सांगितलें. तेथेंहि नियामक संस्था अणुविजेचा पुरस्कार करणाऱ्या मंत्रालयाच्या पोटांत होती. १९४६ च्या अमेरिकेंतील चूक पासष्ट वर्षांनंतरच्या जपानला भोंवली.

येथें एक आक्षेप न्याय्यपणें विचारांत घेतला पाहिजे. हौशी मनुष्याच्या हातीं यंत्र दिलें तर तो चुकीचें वाचील, भयानें फुगवून सांगेल, थोड्या नमुन्यांवरून मोठा सिद्धांत मांडील, असें तज्ज्ञ म्हणतात. आणि तें सर्वस्वीं खोटें नाहीं. सेंट लुईच्याच धर्तीवर अमेरिकेंत अलीकडे अणुवीजकेंद्रांभोंवतालच्या मुलांचे दांत तपासण्याचा जो उपक्रम झाला, त्याच्या नमुन्यांची निवड व अनुमानांची रीति यांवर नियामक मंडळानें व इतरांनींहि कडक टीका केली. यंत्र प्रमाणित नसेल तर त्याचा आंकडा म्हणजे नुसता आवाज. परंतु यावर उपाय नागरिकांच्या हातून यंत्र काढून घेणें हा नसून त्यांना शिस्त लावणें हा आहे. मोजण्याची रीति आधीं जाहीर करावी, कच्च्या नोंदी सर्वांना उघड ठेवाव्या, आणि आपल्या मताविरुद्ध जाणारा आंकडाहि तितक्याच प्रामाणिकपणें छापावा. सेफकास्टनें अणुविजेच्या बाजूनें वा विरुद्ध असा पक्ष घेतला नाहीं, आणि जेथें किरणोत्सर्ग अल्प आढळला तेथें तसें सांगितलें. भयभीत लोकांना खरा दिलासा देण्याचा अधिकारहि अशालाच प्राप्त होतो.

आपल्या देशाकडे वळतों. राजस्थानांतील रावतभाटा अणुवीजकेंद्राच्या परिसरांत १९९१ सालीं पदार्थविज्ञानवेत्ते सुरेंद्र गाडेकर व त्यांच्या पत्नी डॉ. संघमित्रा गाडेकर या गांधीमार्गी दांपत्यानें स्वयंसेवकांसह घरोघर हिंडून आरोग्याची पाहणी केली. केंद्राजवळचीं गांवें व दूरचीं गांवें यांची तुलना करतां जवळच्या गांवांत जन्मजात व्यंगें अधिक असल्याचें त्यांना आढळलें. अणुशक्ति खात्याच्या बाजूनें तो निष्कर्ष मान्य झाला नाहीं. अशा वादांत एक बाजू दुसरीला खोटी म्हणत राहते, आणि मध्यें तो गांवकरी बिचारा संशयांत जन्म काढतो. दोघांनीं मिळून, एकाच रीतीनें, एकाच वहींत पुन्हा मोजल्यावांचून असल्या वादाचा निकाल लागत नाहीं.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाहीं. तारापूरचें केंद्र १९६९ पासूनचें. देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र तें हेंच. रत्नागिरी जिल्ह्यांत जैतापूर येथें दुसऱ्या विशाल केंद्राची योजना आहे. सरकारी प्रयोगशाळा अशा ठिकाणीं पाणी, मासळी, दूध, भाजी तपासतात, ही गोष्ट मान्य करावयास हवी. ते शास्त्रज्ञ आपल्यांतलेच व आपल्या विषयांत निष्णात आहेत. परंतु १९८३ सालीं स्थापन झालेल्या आपल्या नियामक मंडळाला पुरेशी कायदेशीर स्वतंत्रता नाहीं, असा ठपका खुद्द भारताच्या महालेखापरीक्षकांनीं २०१२ च्या अहवालांत ठेवला होता, हेंहि विसरतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. किरणोत्सर्ग निसर्गांतहि असतो. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या वाळूंत तो मनुष्यनिर्मित कारणावांचूनच पुष्कळ आहे. म्हणून केंद्र सुरू झाल्यावर मोजलेल्या आंकड्याला एकट्याला अर्थ नाहीं. तो केंद्र सुरू होण्यापूर्वींच्या आंकड्याशीं ताडून पाहिला तरच कांहीं सांगतो. सेंट लुईची पाहणी बोलकी झाली ती आधींच्या वर्षांचे दांत हातीं होते म्हणून. तेव्हां ज्या गांवीं भट्टी येऊं घातली आहे तेथें वही घालण्याचा काळ भट्टीपूर्वींचा होय. शाळेचे मास्तर, गांवचे वैद्य, मच्छिमार, महाविद्यालयांतील विद्यार्थी यांना प्रमाणित यंत्रें व शिक्षण मिळावें, त्यांनीं वर्षानुवर्षें नोंदी ठेवाव्या आणि त्या चावडीवर लावाव्या, यांत भट्टी हवी म्हणणाऱ्याला वा नको म्हणणाऱ्याला भिण्यासारखें काय आहे? भट्टी सुरक्षित असेल तर ही वही तिची उत्तम साक्षीदार होईल. नसेल तर ती वेळीं जागें करील.

सेंट लुईच्या त्या दांतांपैकीं सुमारें ८५,००० दांत विद्यापीठाच्या मालकीच्या एका जुन्या दारूगोळ्याच्या कोठारांत विसरून पडले होते. ते २००१ सालीं पुन्हा सांपडले, आणि त्यांच्यासोबतचीं पत्रकेंहि शाबूत होतीं. ज्या मुलांचे ते दांत होते तीं तोंवर चाळिशी-पन्नाशीला आलीं होतीं. स्वयंसेवक गृहिणींनीं चाळीस वर्षांपूर्वीं काळजीपूर्वक लिहून ठेवलेल्या जन्मतारखांमुळें त्या दांतांचा अभ्यास पुन्हा सुरू होऊं शकला. बाँबचा दारूगोळा गेला, आयोग गेला, करार करणारे मुत्सद्दी गेले. त्या बायकांनीं घातलेली वही मात्र त्याच कोठारांत वाचावयास मिळाली.